६.० लिटर पेट्रोल २५००एचडी: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे मागचे बोल्ट पुन्हा पुन्हा का तुटतात आणि कायमचे कसे थांबवायचे

लक्षण ठरलेलं आहे. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुढच्या चाकाच्या वरून टिक-टिक-टिक असा आवाज येतो. पाच-दहा मिनिटांत तो बसतो. ट्रेलर लावून चढाला लागलं की परत येतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो, सोडला की उतरतो. गाडी वापरलेली घेतलेली असते. आधीच्या मालकाने एकदा बोल्ट बदलून घेतल्याची पावतीही हातात असते, आणि तरीही तोच कोपरा, तोच आवाज.

इथलं सगळं शेवरले सिल्वराडो २५००एचडी आणि जीएमसी सिएरा २५००एचडी यांच्या ६.० लिटर पेट्रोल व्ही-८ बद्दल आहे. अमेरिका-कॅनडात कॅम्पर किंवा बोट ओढायला वापरलेला पिकअप शोधणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीत हा ट्रक बहुतेक वेळा असतो, कारण तेवढ्याच वयाच्या डिझेलपेक्षा तो बराच स्वस्त मिळतो आणि इंजिन दणकट आहे. या मालिकेत २००१ पासून एलक्यू४, मग एलवाय६ आणि २०१० ते २०१९ पर्यंत एल९६ अशी इंजिनं आली. तिन्हींचा ब्लॉक बिडाचा आणि हेड (सिलिंडरवरची झाकणं) ॲल्युमिनियमची. २०२० पासून ६.६ लिटरचं नवं इंजिन आलं, त्याचा विचार इथे केलेला नाही.

आधी मुद्दा सांगून टाकतो. बोल्ट कमकुवत आहे म्हणून तुटत नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (एका बाजूच्या चार सिलिंडरांचा जळालेला वायू गोळा करून पाइपात सोडणारा, हेडला बोल्टने लावलेला बिडाचा भाग) हलतो आणि आखडतो म्हणून तुटतो. नुसता बोल्ट बदलला की दुरुस्ती जेमतेम एक-दोन टोइंगचे हंगाम टिकते, ती याच कारणाने.

नेमकं काय होतं

या इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरच्या केंद्रांमधलं अंतर ४.४ इंच, म्हणजे ११२ मिलिमीटरच्या आसपास आहे. एका बाजूच्या पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरमध्ये ३३५ मिलिमीटर. पूर्ण भाराने चढ चढताना बिडाचा मॅनिफोल्ड ६०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो, आणि त्याच्या पाठीला लागलेलं ॲल्युमिनियमचं हेड कूलंटमुळे १०० ते ११० अंशांवर थांबलेलं असतं. ॲल्युमिनियम तापमानाच्या प्रत्येक अंशाला बिडाच्या दुपटीने प्रसरण पावतं, पण इथे बिडाचं तापमान इतकं जास्त असतं की मॅनिफोल्डच जास्त वाढतो. हिशेब केला तर तेवढ्या लांबीत मॅनिफोल्ड साधारण दोन मिलिमीटर वाढतो आणि हेड पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेला दीड मिलिमीटरच्या जवळपासचा फरक दोन टोकांना वाटला जातो. मधल्या बोल्टला त्याचा पत्ताही लागत नाही, टोकाच्या बोल्टला सगळा सोसावा लागतो.

फक्त एवढंच असतं तर बोल्टच्या भोकातली मोकळीक पुरली असती. खरा घोटाळा यापुढे आहे. वाढू पाहणारा तापलेला बिडाचा तुकडा बोल्टांनी आवळून धरलेला असतो. लालसर तापलेल्या अवस्थेत धातू मऊ असतो, त्यामुळे वाढायला जागा मिळाली नाही की तो स्वतःच थोडा दबतो. निवल्यावर त्याची लांबी मूळच्यापेक्षा किंचित कमी भरते. असं शेकडो वेळा झालं की मॅनिफोल्ड कायमचा आखूड होतो आणि त्याची टोकं हेडपासून दूर वळायला लागतात. म्हणून टोकाच्या बोल्टवर एकाच वेळी दोन जोर येतात, आडवा कापणारा आणि बाहेर ओढणारा. बोल्टचं डोकं बरेचदा इंजिन निवताना उडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज ऐकू येतो.

मागचाच कोपरा का? ड्रायव्हरकडच्या बाजूला मागे ७ नंबरचं सिलिंडर, पॅसेंजरकडे ८ नंबरचं. दोन्ही फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीला) चिकटून असल्यामुळे तिथे वारा कमी पोचतो. पुढचे कोपरेही तुटतात, पण मागचे आधी. मिशिगन, ओहायो, ओंटारिओ असल्या हिवाळी मिठाच्या भागांतला ट्रक असेल तर बोल्ट आधीच गंजून बारीक झालेला असतो. टेक्सास किंवा ॲरिझोनातून आलेल्या ट्रकचं हेच काम निम्म्या त्रासात होतं. वापरलेला ट्रक घेताना मैलांइतकंच लक्ष तो कुठल्या राज्यात राहिला याकडे द्यावं.

टोइंगमुळे हे का वाढतं तेही पाहू. एल९६ चा जास्तीत जास्त टॉर्क ३८० पौंड-फूट, तोही ४,२०० आरपीएमला. म्हणजे चढावर इंजिन ४,००० च्या पुढे फिरत राहणं हे त्याचं नेहमीचंच काम आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के कमी होते. डेन्व्हरहून पश्चिमेला इंटरस्टेट ७० वर आयझेनहॉवर टनेलपर्यंत जाताना तुम्ही ११,००० फुटांच्या वर असता, तिथे ३६० हॉर्सपॉवरपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा हवेतच गेलेला असतो. मग थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवूनच गाडी चढते, आणि ते बराच वेळ. मॅनिफोल्डला तापायला याहून चांगली जागा नाही.

आवाज मॅनिफोल्डचाच आहे ना, आधी खात्री करा

या इंजिनांना तीन वेगवेगळे आवाज येऊ शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पिस्टन स्लॅपचा (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा) आवाज बोदा, खालून येणारा आणि फक्त थंडपणी असतो. तो भाराने परत येत नाही. लिफ्टरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज व्हॉल्व्ह कव्हरमधून येतो, तो इंजिनाच्या वेगाने वाढतो पण थ्रॉटल दाबण्या-सोडण्याने त्याचा जोर फारसा बदलत नाही. एक दिलासा असा की २५००एचडी मधल्या या तिन्ही ६.० इंजिनांत सिलिंडर बंद-चालू करणारी एएफएम यंत्रणा नाही, त्यामुळे १५०० मालिकेतल्या ५.३ लिटरला छळणारा एएफएम लिफ्टरचा बिघाड इथे नसतो. गळतीचा आवाज चाकाच्या घळीतून येतो, तीक्ष्ण असतो आणि भार आला की वाढतो.

पहिली तपासणी फुकटची आहे. रात्रभर उभा असलेला ट्रक, टॉर्च आणि दांड्यावरचा छोटा आरसा. प्रत्येक बाजूला सहा बोल्ट आहेत, ते मोजा. पुढचं चाक आणि घळीतलं प्लास्टिकचं लायनर काढलं तर मागचा कोपरा सरळ दिसतो. डोकं उडालेल्या बोल्टच्या जागी नुसतं गोल भोक किंवा गंजलेला बुंधा दिसेल. कड्यावर काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली असेल तर गळती तिथूनच आहे.

सहाही डोकी जागेवर असली तरी निश्चिंत होऊ नका, बोल्ट आत तुटलेला असूनही डोकं गंजाने चिकटून राहतं. प्रत्येक डोक्याला बोटाने किंवा छोट्या पान्याने हलकेच हलवून पाहा.

दुसरी तपासणी शॉप व्हॅक्यूमने. इंजिन थंड हवं. नळी फुंकण्याच्या बाजूला लावून ती सायलेन्सरच्या शेपटीत घाला, फट जुन्या फडक्याने बंद करा आणि मॅनिफोल्डच्या कडेने साबणाचं पाणी फवारा. जिथून बुडबुडे येतील ती जागा खडूने खूण करून ठेवा. मॅनिफोल्ड आणि पाइप जोडणाऱ्या फ्लॅंजवरही फवारा, कारण तिथली गळती अगदी हुबेहूब तसाच आवाज देते आणि तिचं काम दहापट सोपं असतं.

लिफ्टर की गळती हा संशय तरीही राहिला तर इंजिन चालू असताना संशयित सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काही सेकंदांसाठी काढा. त्या सिलिंडरमध्ये जळण बंद झालं की गळतीचा आवाज एकदम मऊ होतो. लिफ्टरचा तसाच राहतो. स्पार्क प्लगची वायर काढून हीच चाचणी करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर खराब होतो.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर दोन्ही बाजूंचे लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट, शेजारी ठेवून बघा. एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये क्षणभर दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. एका बाजूचा ट्रिम आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) १० टक्क्यांच्या वर आणि दुसरीचा शून्याजवळ असेल तर त्या बाजूचा मॅनिफोल्ड संशयित. दोन्ही बाजू सारख्याच वर असतील तर इनटेकची गळती किंवा पेट्रोलचा दाब आधी तपासा. कोड आलाच तर बँक १ साठी पी०१७१, बँक २ साठी पी०१७४. बँक १ म्हणजे ड्रायव्हरची बाजू.

हे काम लांबवू नका, कारण फक्त आवाजाचा प्रश्न नाही. मागच्या कोपऱ्यातली गळती फायरवॉलपाशी आहे आणि केबिनची ताजी हवा विंडशील्डच्या खालून, तिथूनच जवळून घेतली जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे मुलं झोपलेली असताना घाटात तासभर हळू चालवणं हीच सर्वांत धोक्याची स्थिती. दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म केबिनमध्ये ठेवा. शिवाय गळणारा गरम वायू ७ आणि ८ नंबरच्या स्पार्क प्लग वायरची रबरी टोपी जाळतो. मग चढावर मिसफायर येतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि लोक कॉइल बदलत बसतात.

जुना बोल्ट काढणं

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून घाई नको. रविवारी संध्याकाळी परतायचं आहे आणि सकाळी काम काढलंय, असं करू नका.

दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर आणि पाइपच्या तिन्ही नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारा. कामाच्या दिवशी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ट्रक जॅक स्टँडवर घ्या, चाक आणि लायनर काढा. पॅसेंजरकडे ऑइल डिपस्टिकची नळी हेडला बोल्टने धरलेली आहे, ती सोडवावी लागते. ड्रायव्हरकडे स्टीअरिंगचा मधला शाफ्ट अगदी आड येतो. प्लगच्या वायर टोपीला धरून, थोड्या फिरवून काढा. तारेला ओढू नका. प्लग काढून त्याजागी जुने निकामी प्लग हाताने बसवा. त्यामुळे चिनीमाती फुटण्याची भीती राहत नाही आणि ड्रिलचा कीस सिलिंडरमध्ये जात नाही.

शाबूत बोल्ट टोकाकडून मध्याकडे सोडवा. जो फिरत नाही त्याला एकदम जोर लावू नका. पाव फेरा मोकळा, पाव फेरा परत, पुन्हा तेल, असं पुढे-मागे करत आणा. इंजिन हाताला कोमट लागेल इतकं गरम असलं तर सोपं जातं, कारण ॲल्युमिनियमचं भोक स्टीलच्या बोल्टपेक्षा जास्त पसरतं. फार गरम असताना मात्र ॲल्युमिनियमचे आटे मऊ पडून बोल्टबरोबर निघून येतात.

मॅनिफोल्ड बाहेर आला की तुटका बुंधा कुठे आहे ते दिसेल. काही मिलिमीटर बाहेर असेल तर लॉकिंग प्लायरने आधी आवळण्याच्या दिशेने किंचित, मग सोडण्याच्या दिशेने फिरवा. नाही हलला तर वेल्डिंग. बुंध्यावर वॉशर ठेवून भोकातून वेल्ड भरा, त्यावर नट ठेवून तो आतून भरा. अर्थिंगचा क्लॅम्प हेडवर जवळच लावा. मिग वेल्डरचा वितळलेला स्टील ॲल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हेडला नुकसान होत नाही. वेल्डची खरी मदत नटापेक्षा उष्णतेची असते: बुंधा लाल होऊन निवतो आणि गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर मिनिटभर थांबून पान्याने हळू फिरवा. पहिल्यांदा नट तुटून आला तर दुसरा लावा. तिसऱ्या-चौथ्या वेळीही बोल्ट निघतो, यात निराश होण्यासारखं काही नाही.

बुंधा हेडच्या आत तुटला असेल तरच ड्रिल. शेजारच्या बोल्टच्या भोकाला आवळून बसवायची ड्रिल गाइड प्लेट मिळते, ती घ्या. हाताने सरळ भोक पाडता येईल असं वाटतं, पण मागच्या कोपऱ्यात ड्रिल नेहमी तिरकी जाते आणि स्टील सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसते. मध्यावर पंच मारा, डाव्या आट्याच्या ३ मिलिमीटर बिटने सुरुवात करा, मग ५. बरेचदा डावा बिट अडकला की बुंधा त्याच्याबरोबरच फिरून बाहेर येतो. बिटला टेप लावून खोली ठरवून घ्या. बारीक टोकाचा कडक एक्स्ट्रॅक्टर टाळा. तो आत तुटला की साध्या ड्रिलने निघत नाही आणि मग हेड उतरवायची वेळ येते. शेवटचा उपाय म्हणजे ६.८ मिलिमीटरपर्यंत ड्रिल करून एम८ × १.२५ चे आटे मोकळे करणं. आटे गेलेच असतील तर स्टीलचा इन्सर्ट बसवा, हेलिकॉइल चालतो, घट्ट बाहीचा टाइम-सर्ट त्याहून चांगला.

सगळी बारा भोकं, म्हणजे न तुटलेलीसुद्धा, थ्रेड चेसरने (आटे न कापता फक्त साफ करणाऱ्या हत्याराने) साफ करा. कापणारा टॅप घालू नका, तो ॲल्युमिनियम खरवडतो. नंतर हवेने फुंका. भोकाच्या तळाशी तेल किंवा कचरा राहिला तर बोल्ट खाली टेकतो, टॉर्क रेंच क्लिक होतो आणि मॅनिफोल्ड मात्र सैलच राहतो.

मॅनिफोल्डची परीक्षा

बहुतेक दुरुस्त्या इथे चुकतात, कारण काढलेला मॅनिफोल्ड पुसून तसाच परत लावला जातो.

हेडला लागणारी बाजू साफ करून तिच्यावर सरळ स्टीलची पट्टी ठेवा आणि खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवा. जीएमच्या मॅन्युअलची मर्यादा ०.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. त्याहून जास्त वाकला असेल तर मॅन्युअल बदलायला सांगतं. मशीन शॉपमध्ये पृष्ठभाग सपाट करून घेता येतो, आणि जाडी पुरेशी असेल तर ते चांगलं काम आहे. पण सपाट केल्याने आखूडपणा जात नाही, ही गोष्ट मशीन शॉपवालेही बरेचदा सांगत नाहीत.

आखूडपणा असा तपासा. गॅस्केटशिवाय मॅनिफोल्ड हेडला लावून मधले दोन बोल्ट फक्त बोटांनी आत घ्या. आता चारही कोपऱ्यांचे बोल्ट बोटांनीच फिरवून बघा. बोल्ट भोकाच्या एका बाजूला घासत जात असेल, किंवा पान्याशिवाय आटेच धरत नसतील, तर मॅनिफोल्ड आखडलेला आहे. असा मॅनिफोल्ड जोर लावून बसवला तर थंड असतानाच टोकाचा बोल्ट वाकलेला असतो. पहिल्या मोठ्या चढानंतर तो तुटणार हे ठरलेलंच. थोडाच फरक असेल तर टोकाची भोकं एक मिलिमीटरने मोठी करा, म्हणजे बिडाला सरकायला जागा मिळेल. फरक जास्त असेल तर नवा मॅनिफोल्ड घ्या. दीड लाख मैलांच्या पुढच्या, टोइंग केलेल्या ट्रकला सरळ नवा बिडाचा मॅनिफोल्ड घ्यावा असं माझं मत आहे. बोल्ट काढण्यात जो दिवस जातो तो दुसऱ्यांदा घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

लाँग ट्यूब हेडरचा (बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी लावायच्या लांब नळ्यांचा) मोह आवरा. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरून हलतो, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गाडी स्मॉग तपासणीत अडकते आणि स्वस्त हेडरची पातळ फ्लॅंजही वाकू शकते.

बसवणी

गॅस्केट अनेक पदरी स्टीलचा घ्या, कोरडा लावा. सिलिकॉन किंवा एक्झॉस्ट पेस्ट अजिबात नको. बिडाला गॅस्केटवर सरकता आलं पाहिजे आणि पेस्ट त्याला नेमकं तेच करू देत नाही.

बोल्ट सगळे नवे, तुटलेला एकच नव्हे. स्टेनलेसचे बोल्ट गंजत नाहीत म्हणून लोक घेतात, पण स्वस्त स्टेनलेस मऊ असतो आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांत चिकटून बसतो. कंपनीचेच किंवा त्याच दर्जाचे घ्या. जीएमची पद्धत अशी की आट्यांवर ५ मिलिमीटर रुंदीचा थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) पट्टा लावायचा. अनेकजण त्याऐवजी अँटी-सीझ (आटे अडकू न देणारं ग्रीस) लावतात. पुढच्या वेळी बोल्ट सुटावा हा हेतू ठीक आहे, पण घर्षण कमी झाल्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, आणि बोल्ट हळूहळू मागे येण्याची शक्यताही वाढते. या जागी मॅन्युअलचं ऐकावं.

आवळणी दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत १५ न्यूटन-मीटर, म्हणजे ११ पौंड-फूट. दुसऱ्या फेरीत २५ न्यूटन-मीटर, म्हणजे १८ पौंड-फूट. मधल्या दोन बोल्टांपासून सुरू करून एकदा पुढे एकदा मागे असं टोकाकडे जा. १८ पौंड-फूट हाताला फारच कमी वाटतं, आणि म्हणूनच अंदाजाने आवळणारा माणूस ३० वर नेतो. जास्त आवळलेला बोल्ट गळती जास्त रोखत नाही, फक्त मॅनिफोल्डला सरकू देत नाही. छोट्या रेंजचा टॉर्क रेंच वापरा. चाकाच्या नटांचा मोठा रेंच या आकड्यावर भरवशाचा नसतो.

प्लग परत लावताना १५ न्यूटन-मीटर, फट १ मिलिमीटर. ७ आणि ८ च्या वायरची टोपी कडक किंवा चकाकती झाली असेल तर वायर बदला, आणि टोपीवरचं धातूचं कवच परत लावायला विसरू नका. ऑक्सिजन सेन्सर काढला असेल तर ४२ न्यूटन-मीटर.

इंजिन चालू करून गरम होऊ द्या, पूर्ण निवू द्या, मग दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा साबणाच्या पाण्याची चाचणी करा. थ्रेडलॉकर लावलेले बोल्ट पुन्हा आवळत बसू नका. बसलेला पट्टा तुटतो. जुने ट्रिम पुसण्यासाठी स्कॅनरने कोड आणि ट्रिम शून्य करा, नाहीतर काही दिवस गाडी विनाकारण जास्त पेट्रोल पीत राहते.

एवढं करूनही तुटला तर

मग वजन कुठून येतंय ते बघा. सायलेन्सरचे रबरी हँगर तुटलेले असतील तर पूर्ण पाइप मॅनिफोल्डला लोंबकळत असतो. पाइप हाताने हलवून बघा, तो हँगरवर डोलला पाहिजे. इंजिन माउंट बसलेला असेल तर भाराखाली इंजिन एका बाजूला उचललं जातं आणि पाइप जागेवरच राहतो, त्या झटक्याचा ताण थेट मागच्या कोपऱ्यावर येतो. ब्रेक दाबून, मोकळ्या जागेत, ड्राइव्ह आणि रिव्हर्समध्ये हलका थ्रॉटल देत दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. इंजिन इंचभर उडी मारत असेल तर माउंट गेले.

तिसरी शक्यता तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत दाब असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर उष्णता मॅनिफोल्डमध्येच कोंडली जाते, आणि चढावर ताकद कमी वाटते तीही त्याचमुळे.

प्रवासात, घरापासून शेकडो मैलांवर बोल्ट उडाला तर दुरुस्तीचा क्लॅम्प हा चांगला पर्याय आहे. हेडच्या टोकावरच्या रिकाम्या आट्यांच्या भोकात तो बसतो आणि मॅनिफोल्डचा कोपरा बाहेरून दाबून धरतो, तुटका बुंधा आतच राहू देतो. पुढच्या आणि मागच्या कोपऱ्याचे क्लॅम्प वेगळे येतात, मॉडेल वर्ष बघून घ्या. तो फक्त कोपऱ्यांना चालतो आणि मॅनिफोल्ड फार वाकलेला नसेल तरच. काही ट्रकवर तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे क्लॅम्प म्हणजे फसवी दुरुस्ती असं म्हणणं अन्यायाचं आहे. घ्यायला गेलेल्या ट्रकवर क्लॅम्प दिसला तर मात्र किंमत पूर्ण मॅनिफोल्डच्या कामाची धरून बोला. आणि बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बोनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

चालवण्यातही थोडी काळजी लागते. टो/हॉल मोड (ओझं ओढताना गियर कमी वेळा बदलणारी सेटिंग) चालू ठेवा म्हणजे गियर वर-खाली करत मॅनिफोल्डचं तापमान झोकांड्या खात नाही. लांब चढ संपला की लगेच इंजिन बंद करू नका. शेवटची पाच मिनिटं हलक्या थ्रॉटलने चालवा. तापल्या गाडीचं इंजिन बे प्रेशर वॉशरने धुऊ नका. ट्रेलरचं वजन एकदा कॅट स्केलवर (ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर) मोजा. ७,५०० पौंडांच्या कॅम्परचा टंग वेट (ट्रेलरचा ट्रकवर पडणारा भार) १० ते १५ टक्के धरला तर ७५० ते १,१२५ पौंड येतो, आणि तो दाराच्या खांबावरच्या पिवळ्या स्टिकरच्या पेलोडमधून (ट्रकला वाहता येणाऱ्या वजनातून) वजा होतो. जास्त ओझं म्हणजे जास्त वेळ पूर्ण थ्रॉटल.

रॅम २५०० च्या ६.४ हेमीलाही हाच रोग आहे आणि फोर्डच्या पेट्रोल व्ही-८ मध्येही मॅनिफोल्डचे स्टड तुटतात. कारण तेच, तपासणीची पद्धत तीच, मॅनिफोल्डची सपाटी आणि लांबी बघण्याची गरजही तीच. बोल्टची संख्या, माप आणि टॉर्क मात्र त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. इथले ११ आणि १८ चे आकडे तिकडे लावू नका.